बापूसाहेबांच्या कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं

मी एक जुना ओंडका आहे, बाभळीचा. मित्रांनो, तुम्ही मला लोढणं म्हणता आणि नाक मुरडता. खुशाल मुरडा. मी कोणाच्या गळ्यात हौसेनं गेलो नाही, आणि जिथं गेलो तिथं माझं काम चोख केलं आहे.

निमोण्यात बापूसाहेबांच्या मळ्यावर चांगदेव सुतारानं मला तासलं आणि एका टोकाला भोक पाडून दोर ओवला. एखादं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरायला लागलं की मला त्याच्या गळ्यात बांधायचं, अशी गावची रीत होती. जनावर सावकाश चाललं तर मी नुसता डुलायचो. ते धावलं की त्याच्या गुडघ्यांवर असा दणकन बसायचो की ते मुकाट्यानं थांबायचं. मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात बापूसाहेबांनी मला जाईबाईच्या कालवडीच्या गळ्यात घातलं. ती त्यांच्या बाजरीत शिरली होती. जाईबाई बौद्धवस्तीत एकटी राहायची आणि बापूसाहेबांच्याच रानात खुरपायला जायची. तिनं मला काढून टाकलं नाही, कारण चूक तिच्या जनावराची होती. महिन्याभरात कालवड सुधारली. मग मी जाईबाईच्या कुडाला टेकून पडलो, आणि मला परत न्यायची आठवण कोणालाच झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिची तांबडी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन अंगणात फिरू लागली. ती कोंबडी, ती पिल्लं आणि कालवड, एवढंच काय ते जाईबाईचं स्वतःचं. कामावरून आली की आधी पिल्लांशी बोलायची, मग चूल पेटवायची. अशात बापूसाहेबांचा कुत्रा यायला लागला. त्याचं नाव सरदार. माणसं रानात गेली की हा हजर. जाईबाईनं पिल्लं डालग्याखाली कोंडली, तर पठ्ठ्या नाकानं ती टोपली उलथून टाकायचा. आठ दिवसांत नवाची चार राहिली.

शेजारची सोजरबाई म्हणाली, "गप बस बाई. मोठ्याचं कुत्रं हाय."

मला राग आला. ओंडक्याला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी नुसता टेकून पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी जाईबाईनं कामावर खाडा केला. चांगदेवाची करवत मागून आणली आणि मला मधोमध कापलं, कारण आख्खा मी कुत्र्याला पेललो नसतो. मी निम्मा झालो. माझा ताठा मात्र होता तेवढाच राहिला. सरदार आला. तिनं भाकरीचा तुकडा पुढे केला आणि तो खातोय तोवर मला त्याच्या गळ्यात बांधलं. त्यानं पिल्लांवर झेप घेतली, मी गुडघ्यांवर बसलो. त्यानं पुन्हा झेप घेतली, मी पुन्हा बसलो. शेवटी तो खाली बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी सरदार घरी गेला तो मला गळ्यात घेऊनच, भर गावातून. थोड्याच वेळात बापूसाहेब त्याला घेऊन जाईबाईच्या दारात उभे.

"माझ्या कुत्र्याला लोढणं? काढ ते."

"पाच पिल्लं खाल्ली त्यानं."

"माझ्या अंगणात वीस कोंबड्या फिरत्यात. एकीला तोंड लावत न्हाई. आन् तुझीच बरी खाईल?"

"व्हय. तुमच्या मालकिणीनं, पुतळाबाईंनी, त्याला लहानपनी कोंबड्यांत बसवून भाकर घातली. म्हून त्या त्याला घरच्या वाटत्यात. माझ्या वाटत न्हाईत. पंधरा दिस ऱ्हाऊ द्या लोढणं. दुपारचा हितं यील, माझ्या कोंबड्यांत बसून माझी भाकर खाईल."

"आन् मी काढून टाकलं तर?"

"पुन्यांदा आला की पुन्यांदा बांधीन. माझ्या कालवडीला तुमी बांधलं, तवा मी काढलं न्हाई."

बापूसाहेबांनी माझ्या दोराला हात घातला. अंगणाबाहेर माणसं जमली होती. ती बघून बापूसाहेबांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "उद्यापास्नं रानात यायचं न्हाई."

"बरं," जाईबाई म्हणाली.

ते पंधरा दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलं आहे. पिठाचा डबा खरवडून निघाला, पण सरदारची अर्धी भाकरी एकदाही चुकली नाही. सोळाव्या दिवशी तिनं निरोप धाडला. बापूसाहेब आले, पुतळाबाईही आल्या. जाईबाईनं सगळ्यांदेखत मला सोडलं. खरं सांगतो, मला भीती वाटली. पिल्लं सरदारच्या पायांत दाणे टिपत होती. त्यानं एकाचा वास घेतला आणि मान वळवून भाकरी खाऊ लागला.

पुतळाबाई म्हणाल्या, "उद्या खुरपायला ये गं, जाई."

"यीन की. पन नगं म्हनले ते बापूसाहेब. त्यांनी म्हनावं."

बापूसाहेबांनी भाकरी खाणाऱ्या कुत्र्याकडे पाहिलं. मग जाईबाईला म्हणाले, "ये."

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी विनवणार नाही. वाटलं तर चुलीत घाला, बाभूळ छान जळते. पण तुमचा कुत्रा तुमच्या कोंबड्यांना शिवत नाही म्हणून तो गुणी आहे, असं मला सांगू नका. त्याला शेजारणीच्या अंगणात सोडा, तिथं तो कसा वागतो ते बघा, आणि मग बोला.