होयबाचा एकुलता एक नकार

सलूनवाल्याला सगळा बाजार ‘होयबा’ म्हणायचा, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. खुर्चीतला माणूस म्हणाला, ऊन फार आहे, की हा म्हणायचा, भाजून निघतोय नुसता. पुढचा म्हणाला, यंदा ऊन पडलंयच कुठे, की हा म्हणायचा, तेच तर! हातात वस्तरा असताना वाद घालू नये, हे धंद्याचं शहाणपण म्हणून ठीक. पण हा गृहस्थ ते दुकानात ठेवून यायचा नाही, घरी घेऊन यायचा. आईनं सुनेबद्दल कुरकुर केली की आईला हो, बायकोनं सासूबद्दल केली की बायकोला हो. दोघी एकदम समोर आल्या की ह्याला नेमकं बाहेर काम निघायचं. बायको एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, “अहो, निदान एकदा तरी माझ्याशी भांडा!” तर हा म्हणतो, “बरोबर आहे तुझं.” आता अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं, नाहीतर काय! दहा वर्षांच्या पोराला घेऊन ती माहेरी गेली ती गेलीच.

मुलगा मात्र तुटला नाही, आणि त्याला कारण एक पिक्चर. ती दोघं जायच्या आधी बापानं त्याला तो तीनदा दाखवला होता. त्यात शेवटी सेनापती आपल्या लहान मुलाला पुलावरून नदीपार पाठवतो, “मी आलोच मागून” म्हणतो, आणि शत्रू येताना पाहून पूल पाडतो. तिथेच पिक्चर संपायचा. पुढचा भाग निघायला बारा वर्षं गेली. तेवढ्या काळात मुलगा केस कापायला म्हणून यायचा आणि दोघं एवढंच बोलायचे, की सेनापती जगला असेल का, नदी कशी ओलांडेल. आईचा विषय नाही, घराचा नाही. बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

अखेर दुसरा भाग आला आणि लोकांनी एकमेकांची डोकी फोडायची तेवढी बाकी ठेवली. कारण सेनापती जिवंत निघाला, पण नदीपार गेलाच नाही. अलीकडच्याच काठावर खानावळ काढून सुखानं म्हातारा झाला, आणि पोरगा पलीकडे वाट बघत वाढला. निम्मे लोक म्हणत, दिग्दर्शकाला जोड्यानं मारा. निम्मे म्हणत, असा पिक्चर जन्मात पाहिला नाही. होयबानं दोन्ही निम्म्यांची मान तोंडभर होकार देत भादरली.

त्याच आठवड्यात मुलगा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं आणि ते बापाला शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं होतं. बोलावणं आलं नव्हतं. आज बोलावेल, आता बोलावेल, म्हणून बापाचा जीव टांगणीला लागलेला, पण तोंडानं विचारेल तर तो होयबा कसला!

“मला आवडला, बाबा,” मुलगा म्हणाला. “खरं तेच दाखवलंय. पूल त्यानंच पाडला ना? ज्याला जायचं असतं तो पूल पाडतो का?”

कात्री थांबली.

“नाही,” होयबा म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला. “पूल पाडला म्हणून पोरगं वाचलं. तो नंतर पोहत गेला असता. पोहता येत नसतं तरी गेला असता. हा पिक्चर लिहिणाऱ्याला बाप म्हणजे काय ते ठाऊकच नाही.”

आरशातून मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला नाही पटत. पण तुमचा मुद्दा बिनतोड आहे.”

अर्धा तास दोघं वाद घालत होते. ह्यानं त्याचं पुरतं ऐकून घेतलं, त्यानं ह्याचं. जाताना दारात मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुमच्याशी भांडायला मजा आली. पुन्हा बघतो पिक्चर.”

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. हा मात्र केस झाडता झाडता स्वतःलाच बोल लावत राहिला. पोराला तोंडावर नाही म्हटलं! दुखावला असेल, आता कसला बोलावतोय? विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच. पुढच्या वेळी काय बोलायचं ते त्यानं मनाशी घोकून ठेवलं.

मुलगा केस वाढायच्या आधीच आला. खुर्चीत बसला, बापानं गळ्याभोवती कापड बांधलं.

“बाबा, मी पुन्हा पाहिला—”

“मीपण पाहिला!” होयबानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “तुझंच बरोबर होतं. झकास पिक्चर. तो कसला नदीपार जातोय? माणूसच तसला.”

“कशावरून पटलं?”

“सगळंच रे. तो शेवटी रडतो ते तर...”

“शेवटी तो पडद्यावरच नाही, बाबा.”

होयबा कंगवा पुसू लागला. कंगवा स्वच्छच होता.

“मग तो पोहत गेला असता म्हणत होतात, ते?”

“छे रे, बोललो आपलं काहीतरी. तू म्हणशील तसं.”

“तुमचं म्हणणं डोक्यात घेऊन मी दोनदा पाहिला,” मुलगा म्हणाला. “आणि मला पटलं होतं. तो आला असता. हेच सांगायला आलो होतो. आणि एक विचारायचं होतं.”

बाप लगबगीनं खुर्चीसमोर आला. “विचार ना! अरे, विचार की!”

“नको आता.” मुलानं स्वतःच गळ्यामागची गाठ सोडली आणि कापड घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं. “विचारलं तर तुम्ही हो म्हणाल. त्या होकाराचं मी काय करू?”

तो दाराकडे निघाला. होयबाला ओरडावंसं वाटलं, नाही, जाऊ नकोस, मी खोटं बोललो, तो पोहत आला असता. शब्द पार ओठांपर्यंत आले.

“येतो,” मुलगा म्हणाला.

“बरं,” होयबा म्हणाला. “सावकाश जा.”