काकूंची उत्तरं

शिंपीकाकांना काहीही विचारलं की उत्तर काकू द्यायच्या. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी काका कापड बेतताना अखंड बोलायचे, गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटापासून जगाच्या राजकारणापर्यंत सगळ्याची चिरफाड करायचे, आणि मशीनवर बसलेल्या काकू "आता जरा तोंडाला कुलूप घाला" म्हणून करवादायच्या.

मग काकांच्या हातात कंपवात आला. एका चांगल्या कोटाचं मातेरं झालं, तेव्हा काकांनी आपणहून कात्री खणात ठेवून दिली. शेवटी ऑपरेशन झालं. मेंदूत दोन बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र. ते मेंदूला सतत विजेचे हलके ठोके देतं आणि तिथं काय चाललंय याची नोंदही ठेवतं. यंत्र चालू झालं त्या दिवशी काकांनी कापडावर खडूने रेघ मारली. रेघ सरळ आली आणि भला दांडगा माणूस ढसाढसा रडला. काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं, आता या यंत्राला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पण पुढे ठोके वाढवावे लागले, तशी काकांची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत कालवल्यासारखे येऊ लागले. गिऱ्हाइकं "काय म्हणालात?" विचारून कंटाळली, आणि काका गप्पच झाले. दर तपासणीला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काका, बोलायला काही त्रास?" काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणायच्या, "छे हो, मस्त चाललंय त्यांचं." ठोके कमी केले तर कात्री पुन्हा हातातून जाईल, ही त्यांच्या पोटात धास्ती.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातली नोंद पडद्यावर पाहिली. "हात झकास आहे. काका, वारांची नावं सांगा बरं."

"सोमवार, मंगळवार," काकू सुरू झाल्या.

"काकू, यंत्र तुमच्या डोक्यात नाही बसवलेलं."

काकूंचा चेहरा उतरला. काकांनी वार सांगितले. बुधवारनंतर काही म्हणता काही कळेना. डॉक्टरीणबाईंनी ठोके थोडे उतरवले, पुन्हा म्हणायला लावलं. रविवारपर्यंत सगळे वार स्वच्छ आले. मांडीवरचा हात मात्र थरथरायला लागला.

"आणखी प्रयत्न करू," त्या म्हणाल्या, "पण सध्या तरी एकालाच झुकतं माप देता येईल. हात की बोलणं, ते तुम्ही सांगा."

काकूंना रडू फुटलं. "हातच ठेवा. कात्री गेली तर हा माणूस खचेल हो."

काकांनी तो थरथरता हात त्यांच्या हातावर ठेवला. "अगं, इतके महिने माझी उत्तरं दिलीस ना? आता माझी कात्री चालव. उत्तरं माझी मी देईन."

दुसऱ्या दिवशी दुकानात काकू कापडापुढे उभ्या राहिल्या. शेजारी स्टुलावर काका. "घाबरतेस काय, कापड आहे ते, साप नाही. हां, कोपर वर. वर म्हटलं की खाली का जातं तुझं? मशीनवर बसून मला अक्कल शिकवायचीस तेव्हा..."

काकूंची कात्री मध्येच थांबली. डोळे भरून आले होते, पुढची रेघ दिसेना.

"काय झालं? फार बोललो का?"

"नाही," काकूंनी पदराने डोळे पुसले. "मला तुमच्या बडबडीची फार आठवण येत होती. बोला तुम्ही."