शिमेपलीकडची सोबत

एकटीनं फिरायला निघालेल्या बाईला लोक काय काय विचारतात, याची मला चांगली सवय आहे. मी गडहिंग्लजजवळच्या एका साखर कारखान्यात टायपिस्ट. चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली. दरवर्षी हक्काची रजा टाकून कुठंतरी जाऊन येते. लॉजवाल्यांना माझा संशय येतो, रिक्षावाल्यांना काळजी वाटते आणि देवळातल्या बायकांना दया येते. त्यातली दया मला सगळ्यात जास्त झोंबते.

त्या वर्षी मी गोव्यात गेले होते. गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्यानं रंगवलेल्या दिसत होत्या. डिचोलीच्या लॉजचा मालक, इथं मराठी चालणार की कोकणी, यावर माझ्याशी तावातावानं वाद घालायचा आणि तोही मराठीतून. मी त्याला म्हटलं, तुम्ही कशातही बोला, पण आंघोळीचं पाणी गरम द्या.

सकाळी मुळगावला गेले, केळबाईचं देऊळ पाहिलं आणि थांब्यावर येऊन म्हापशाच्या बसची वाट पाहत बसले. तिथून पुढं पेडण्यातल्या केरीला, समुद्रावर जायचा बेत होता. थांब्याशेजारी आनंदी नावाच्या म्हातारीचं चहाचं छप्पर होतं. समोरून खनिजाचे ट्रक जात होते. बाकापासून म्हातारीच्या भुवयांपर्यंत सगळ्यावर तांबडी धूळ बसली होती. तिनं चहा आणि उंडा पाव पुढं ठेवला आणि विचारलंच.

"एकटीच गो बाय तू?"

"एकटीच."

"घोव?" तिनं नवऱ्याचं विचारलं.

"नाही."

"भाव बी कोण ना?"

"आहे एक. त्याचं नि माझं पटत नाही."

तेवढ्यात छपरामागून तिचा नवरा सगुण बाहेर आला. हातात काठी, दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलेला. पायाच्या बोटांनी वाट चाचपत तो रस्ता ओलांडून खाणीच्या दिशेनं गेला. त्याचं शेत खाणीच्या पलीकडं होतं. मधली जमीन खाणीनं खाल्ली होती. तिथं आता हिरव्या पाण्यानं भरलेला प्रचंड खड्डा होता आणि शेताकडं जायची पायवाट त्या खड्ड्याच्या अगदी काठावरून होती.

"मावशी, डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. कशाला पाठवता?" मी म्हटलं.

"सकाळचें मात्शें दिसता. सांजेर कांय दिसना. पुण सांजेर तेका राखणदार हाडटा." सकाळी थोडं दिसतं, संध्याकाळी गावाचा राखणदार त्याला घरी आणतो, असं म्हणत तिनं थांब्यापलीकडच्या काजऱ्याच्या झाडाकडं हात केला. खाली एक धोंडा होता, त्यावर लाल कापड आणि समोर चामड्याच्या मोठाल्या वहाणा. "ह्यो आवंदूंच दिल्ल्यो. पळय कश्यो झिजल्यात."

मी वाकून पाहिल्या. याच वर्षी वाहिलेल्या, पण टाचा खरंच झिजल्या होत्या. माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हटलं, "मोच्याची चंगळ आहे मग तुमच्या गावात." म्हातारीला राग आला नाही. तिनं माझं नाव विचारलं, मी चंद्रभागा म्हणून सांगितलं आणि ती पदर डोक्यावर घेऊन झाडाकडं तोंड करून उभी राहिली.

"बा राखणदारा," ती म्हणाली, "हें चंद्रभागा नांवाचें भुरगें. परक्या गांवचें, एकटें चललां. तेका वाटेक सोबत कर. सुखरूप पावय."

अडतिसाव्या वर्षी मला कुणी भुरगं, म्हणजे लेकरू म्हणेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. बस आली, मी चढले.

कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली. मी म्हटलं, दोन कशाला? तो म्हणाला, "तुमचं एक, आजोबांचं एक."

"कुठले आजोबा?"

त्यानं माझ्या शेजारच्या जागेकडं पाहिलं, मग मागं पाहिलं आणि डोकं खाजवलं. "आत्ता चढले की तुमच्याबरोबर. घोंगडी पांघरलेले." शेजारची जागा रिकामी होती. मी आवाज चढवला, त्यानं मुकाट्यानं एक तिकीट परत घेतलं. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, बायका कडेवर पोरं घेऊन लोंबकळत होत्या, तरी म्हापसा येईपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

म्हापशाला गाडी बदलली. धारगळजवळ हमरस्त्यावर नव्या गाडीचं चाक बसलं आणि सगळे खाली उतरले. रस्त्याकडेला गोकुळदास नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. जाडजूड, गंभीर माणूस, कपाळाला गंध. मी एक चहा सांगितला. त्यानं दोन आणले. एक माझ्यापुढं ठेवला आणि दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं, तोही दोन्ही हातांनी.

"मी एकच सांगितला होता."

"तेंका नको?" त्यानं खुर्चीकडं पाहत विचारलं.

"कुणाला? इथं कुणी नाहीये."

तो "आसू दी" म्हणून गल्ल्यावर जाऊन बसला. मी चडफडत हात धुवायला गेले. परत आले तर समोरचा कप रिकामा होता. गोकुळदास जागचा हलला नव्हता आणि बाकीचे प्रवासी गाडीपाशी होते. मी माझा चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसले.

केरीला पोचेपर्यंत मी मनाची समजूत घालत होते. उन्हानं, धुळीनं, उपाशीपोटी होतं असं माणसाला. समुद्रावर फारसं कुणी नव्हतं. सुरूच्या झाडांखाली एक बाई सुकी मासळी पसरून बसली होती. मी वाळूत उतरले तशी तिनं हाक मारली, "गो बाय, बापायक सांग, व्हाणो काड म्हणून. भिजतल्यो."

मी मागं वळून पाहिलं. माझ्या पावलांच्या शेजारी, थोडी मागं, मोठ्या वहाणांची पावलं उमटली होती. मी थांबले होते तिथं तीही थांबली होती.

ओरडावंसं वाटलं, पळावंसं वाटलं. पण पळणार कुठं? समोर पाणी होतं. मी मटकन खाली बसले. थोड्या वेळानं शेजारची वाळू दबली आणि ओल्या घोंगडीचा, विडीचा वास आला. आमच्या गावाकडच्या राखणीच्या म्हाताऱ्यांना येतो तसा. त्या वासानंच माझी भीती उतरली असावी. काठीचा आवाज नाही, श्वास नाही, काही नाही. नुसतं कुणीतरी बसलं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मी बोलायला लागले. कारखान्याबद्दल, भावाबद्दल, लॉजच्या मालकाबद्दल. मग गप्प बसले, तेही चाललं. इतकी वर्षं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते की मला एकटीनं फिरायला आवडतं. ते खोटं नव्हतं. पण मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं, आणि ते त्या दुपारी कळल्यावर मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. निघायला उठले तर मागं वहाणांचा आवाज आला नाही. वळून म्हटलं, "बसा हवं तर अजून थोडं." आम्ही अजून थोडं बसलो.

परतताना मी मुद्दाम धारगळला उतरले. गोकुळदासनं मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं आणि हात जोडले.

"खयसून हाडलंस तेंका?" त्यानं विचारलं.

मी मुळगावचं सगळं सांगितलं. झाड, वहाणा, आनंदीनं राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं. त्याचा चेहरा उतरला.

"मगे शिमेर तेका परत धाडूक नाय?"

"म्हणजे?"

"गावची शीम इली की विडी ठेवची, पावलंय म्हणाचा, आता फिर म्हणाचा. ज्येच्या नावान सोबत मागली तेणाच सांगूचा लागता. नायतर तो आपणान फिरत नाय. आमच्या हडे बारक्या पोरांकय म्हायत आसता."

म्हणून तर आनंदीनं मला सांगितलं नव्हतं. जगात कुणाला हे माहीत नसेल असं तिच्या डोक्यातच आलं नसणार. गाव सोडून बाहेर जाणारा प्रत्येक माणूस वेशीवर त्याला माघारी पाठवत आला होता आणि मी त्याला खुशाल समुद्र दाखवायला घेऊन गेले होते.

"मग इथंच सांगते ना फिरा म्हणून," मी म्हटलं.

"हय नको. शिमेभायली वाट तेका खय म्हायत? चुकतलो. तूच पोचव."

मी बाहेर पाहिलं. सावल्या लांब झाल्या होत्या. सगुण आता शेतातून निघायच्या बेतात असेल, हे माझ्या मनात आलं आणि मी रस्त्याकडं धावले. सकाळचें मात्शें दिसता. सांजेर कांय दिसना.

म्हापशाची गाडी मिळाली, तिथून डिचोलीची मिळाली. दोन्ही गाड्यांत मी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती राखली. अस्नोडा गाव मागं पडलं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मनात एक पाप आलं. ही गाडी मुळगाववरून सरळ डिचोलीला जाते. उतरलेच नाही तर? उद्या गडहिंग्लजची गाडी, परवा माझी खोली. सकाळी दोन कप चहा टाकीन, संध्याकाळी घरी कुणीतरी वाट पाहत असेल. गावाला राखण बघायला अख्खा देव्हारा आहे, मला कोण आहे? मी शेजारी पाहिलं. जागा रिकामी होती, पण तिथली धूळ कुणीतरी बसल्यासारखी पुसली गेली होती. तो काही मागत नव्हता. मी नेईन तिकडं तो आला असता, आणि नेमकं तेच मला सोसवेना. मी उठून कंडक्टरला म्हटलं, मुळगावच्या शिमेवर गाडी थांबवा.

"थांबा पुढं आहे, बाई."

"मला शिमेवरच उतरायचंय. थांबवा म्हणते ना."

खाली उतरले तर शिमेच्या दगडापाशी आनंदी उभी होती. केस सुटलेले, घसा बसलेला. ती खाणीकडं तोंड करून हाका मारत होती आणि पलीकडून काही उत्तर येत नव्हतं. मला बघून ती वळली. तिनं माझ्या खांद्याच्या मागं पाहिलं.

"तुवें व्हेल्लो," ती म्हणाली. तूच नेलं होतंस, आणि मीच तुला सांगितलं नाही. "हांवें सांगूंक ना. हांवेंच सांगूंक ना."

"मावशी, आणलंय मी त्यांना. काय करायचं ते सांगा."

तिनं कनवटीची विडी माझ्या हातात दिली. मी ती दगडावर ठेवली. आता फक्त दोन शब्द बोलायचे होते. मागं तोच ओल्या घोंगडीचा वास येत होता. खाणीच्या बाजूला उजेड झरझर कमी होत होता. मी डोळे मिटले.

"पोचले मी," मी म्हटलं. "फिरा आता. लवकर जा."

वहाणांचा आवाज माझ्या अंगावरून पुढं गेला, रस्ता ओलांडून, खाणीच्या पायवाटेवर. जड माणूस घाईनं चालतो तसा. मग ऐकू येईना. आनंदीनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती.

पायवाटेच्या वळणावर आधी काठी दिसली, मग सगुण. अंगभर तांबडा चिखल, पण पाऊल नेमकं पडत होतं. डावा हात जरा वर उचललेला, कुणीतरी कोपराला धरल्यासारखा. आनंदी धावली आणि त्याच्या छातीवर डोकं आपटून रडायला लागली.

"कितें जालें गो?" तो म्हणाला. "वाटेर माती देंवली. फुडल्या पायाक पाणी लागलें, म्हणून थंयच बसलों. वळखलें, आज तो आयलो ना. वगी रावलों. येतलो म्हणून खबर आसली." वाटेवरची माती ढासळली तेव्हा, राखणदार येणारच म्हणून तो तिथंच गप्प बसून राहिला होता. मग त्यानं आपला डावा हात नाकापाशी नेला. "दर्याचो वास येता," तो म्हणाला आणि हसला. "खंय गेल्लो कोण जाणा."

मी तोंड फिरवून उभी राहिले. आनंदीनं डोळे पुसले, चहा घे म्हणाली, राहा म्हणाली. मी म्हटलं, नको, शेवटची बस जाईल. थांब्यापर्यंतचा रस्ता काही लांब नव्हता. मधे गर्द झाडी आणि बाजूला ती खाण. आनंदीनं पदर डोक्यावर घेतला आणि काजऱ्याच्या झाडाच्या दिशेनं तोंड केलं. "बा राखणदारा, हें चंद्रभागा नांवाचें..."

मी तिचे जोडलेले हात धरले आणि खाली आणले. "नको मावशी. त्यांना राहू दे इथं."

"एकटी वतली?"

"जाते मी."

मी चालायला लागले. माझ्याच चपलांचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही. कितीतरी घाट, किती अनोळखी स्टँड, किती परकी गावं मी अशी पालथी घातली होती, कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. त्या सरळ रस्त्यावर मी वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. पुन्हा पाहिलं, तरी मोकळाच. थांब्यावरचा दिवा समोर दिसत होता, तरी मी पदर खोचला आणि लहान पोरीसारखी पळत सुटले.