पासवर्ड एकाचा, यादी सगळ्यांची

"तो माणूस आज आला नाही, उद्या या." हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या कचेरीत ऐकलेलं असतं. कपाटाची किल्ली त्याच्याकडे, फाइल कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. आपण मनातल्या मनात चरफडतो आणि परत फिरतो. पण कधी तरी तो 'माणूस' आपणच असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. दौलत भोईरच्या ते लक्षात आलं १९९८ साली, आणि त्याची लाज त्याला आजही वाटते.

दौलत कल्याणच्या एका रक्तदाता मंडळात कामाला होता. कचेरी म्हणजे एकच खोली. मंडळाकडे रक्तदात्यांची नावं, पत्ते, रक्तगट असत. कुणाला रक्ताची गरज लागली की फोन यायचा, आणि शालनताई कार्डांच्या खोक्यातून नावं शोधून द्यायच्या. शालनताई पंचेचाळिशीच्या, फोनवर बसणाऱ्या. दौलत त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. तो पत्रं पोचवायचा, शिबिरात खुर्च्या मांडायचा, चहा सांगायचा.

मग कुणीतरी मंडळाला एक जुना कॉम्प्युटर दिला. दौलतने टायपिंग केलेलं होतं म्हणून तो त्याच्या ताब्यात आला. त्याने बाजारातून नक्कल केलेल्या फ्लॉप्या आणून प्रोग्रॅम घातले, आणि चार महिन्यांत व्हायरसने सगळी यादी खाल्ली. तेव्हा मंडळाचे एक सभासद मदतीला आले. दाजी तरे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणारे. सगळे त्यांना दाजीकाका म्हणत.

दाजीकाका एका मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आले. "हे लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. चोरीचं नाही, आणि विकतही घ्यावं लागत नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कसं लिहिलंय तेही उघडं ठेवलंय."

पुढचे आठ रविवार त्यांनी दौलतला शिकवलं. "रोजच्या कामाला रूट म्हणून आत जायचं नाही. रूट म्हणजे घराचा मालक, त्याच्या हातून चूक झाली तर भिंतच पडते. साधं खातं उघड, त्यातून काम कर. यादी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेव, म्हणजे उद्या कुठल्याही मशीनवर उघडेल. ग्रेप लिहून पुढे रक्तगट दिलास की तेवढीच नावं समोर येतील. अडलास तर मॅन लिहून त्या आज्ञेचं नाव दे, माहिती मशीनच देईल. बटण दाबून बंद करायचं नाही, आधी शटडाऊन. आणि दर शनिवारी फ्लॉपीवर प्रत."

एकदा प्रिंटर अडला. प्रत्येक ओळ आधीची संपली तिथून सुरू व्हायची, कागदावर नुसता जिना उमटायचा. दाजीकाकांनाही उपाय सापडेना. त्यांनी घरच्या फोनवरून इंटरनेट जोडलं आणि दौलतला लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका गटाकडे प्रश्न पाठवायला लावला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ब्राझीलमधल्या कुणा माणसाने दोन पानं भरून, पायरी पायरीने, काय करायचं ते लिहिलं होतं. प्रिंटर चालू झाला.

"त्यांना काय द्यायचं?" दौलतने विचारलं.

"काही नाही. तू शिकलास ते दुसऱ्या एकाला शिकव. आधी शालनताईंना."

दौलत हो म्हणाला. पण शिकवलं नाही.

त्याचं असं झालं, की जुन्या कार्डांवरून आणि शिबिरांतल्या नव्या नावांवरून यादी पुन्हा उभी राहिली आणि दौलतचा भाव वाढला. चहा आता दुसरं कुणी सांगू लागलं. सभेत अध्यक्ष त्याला शेजारी बसवू लागले. काळ्या पडद्यावर तो भराभर आज्ञा टाइप करायचा आणि लोक तोंडाकडे बघत राहायचे. शालनताई म्हणाल्या, "दौलतभाऊ, मला दाखवा ना. निदान नाव कसं शोधायचं तेवढं." तो म्हणाला, "ताई, सगळं इंग्रजी आहे, तुम्हाला जमणार नाही. एक अक्षर चुकलं तर यादी उडेल. माझ्यावर सोडा ना." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पासवर्ड त्याच्या डोक्यात होता आणि दाजीकाकांनी लिहून दिलेली वही त्याच्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये. जुनी कार्डं पोत्यात भरून त्याने माळ्यावर टाकली होती.

एका शनिवारी दौलत मेहुणीच्या साखरपुड्याला शीळफाट्याच्या पलीकडे एका गावात गेला. गावात फोन नव्हता. सोमवारी सकाळी तो कचेरीत आला, तेव्हा एक रिक्षावाला दारात उभा होता. हातात बर्फीचा खोका.

"तुम्हीच ना कॉम्प्युटरवाले साहेब? मी गणू. शनिवारी माझी बायको बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबंना. डॉक्टर बोलले, ओ निगेटिव्ह आणा, पेढीत एक बाटली नाय. मी हितं धावत आलो." त्याने बर्फी पुढे केली. "ताई बोलल्या, यादी तुम्ही ठेवता. तुमची यादी होती म्हणून वाचली बघा ती. घ्या, तोंड गोड करा."

दौलतला काही उमजेना. त्याने शालनताईंकडे पाहिलं. त्या रजिस्टरमध्ये मान घालून बसल्या होत्या. गणूने बर्फीचा तुकडा त्याच्या हातात दिला, हात जोडले आणि निघून गेला.

"यादी तर बंद होती," दौलत म्हणाला. "तुम्ही कुठून नावं काढलीत?"

"माळ्यावरून," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन केलेला, तुम्ही गावाला गेलेले. मशीन चालू केलं, तर ते पासवर्ड मागत बसलं. मग पोतं खाली काढलं. ओ निगेटिव्हची पाच कार्डं मिळाली, तीन वर्षांपूर्वीची. गणूच्याच रिक्षातून फिरलो. एक बदलापूरला राहायला गेलेला. एकाने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. एका घरी वारल्याचं कळलं, त्यांच्या बायकोला मी दारात उभं राहून विचारलं, रक्त द्यायला येतील का म्हणून. चौथे डोंबिवलीतले चित्रकलेचे सर. ते शाळेतून तसेच आले. साडेचार तास गेले."

"मग गणूला तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले. त्याची बायको मरता मरता वाचली. त्याच्या आनंदात मला हे कालवायचं नव्हतं."

दौलत मशीनपाशी बसला. आत शिरला, ग्रेप लिहिलं, पुढे रक्तगट. एका सेकंदात तेवीस नावं आली. फोन नंबरांसह. त्यातले दोघे गणूची बायको होती त्या हॉस्पिटलच्या गल्लीतच राहत होते. चालत पाच मिनिटांवर.

तो कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला. हातातली बर्फी चिकट झाली होती. ती त्याला खाववेना आणि टाकवेना.

संध्याकाळी तो ठाण्याला दाजीकाकांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"शिकवलं का नाहीस?" दाजीकाकांनी विचारलं.

"भीती वाटली, काका. त्यांना आलं, तर मग मी कोण? पुन्हा खुर्च्या मांडणारा."

"खरं बोललास, बरं केलंस. आता मला सांग, तो ब्राझीलचा माणूस. त्याला तुझं नाव तरी नीट वाचता आलं असेल का? तोही म्हणू शकला असता, मला येतं तेवढं माझ्यापाशी राहू दे. त्याने दोन पानं लिहिली. हजारो लोकांनी आपलं डोकं उघडं करून ठेवलं, म्हणून ते मशीन चालतंय. आणि तू त्यावर बसून कुलूप लावलंस. चोरीच्या फ्लॉप्या वापरत होतास ते बरं होतं, दौलत. त्यात निदान हा खोटेपणा नव्हता."

दौलतची मान खाली गेली. तो म्हणाला, "पण पासवर्ड सगळ्यांना सांगायचा नसतो ना?"

"नसतोच. तुझा पासवर्ड तुझाच. पण लिनक्स मुळात अनेकांसाठी आहे. शालनताईंचं वेगळं खातं उघड, त्यांचा पासवर्ड त्यांचा. यादी दोघांना वाचता येईल अशी परवानगी दे. रूटचा पासवर्ड लिफाफ्यात घालून, मोहोर करून अध्यक्षांच्या कपाटात ठेव. सुरक्षितता वेगळी आणि मक्तेदारी वेगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतने शालनताईंसमोर खुर्ची ओढली. "ताई, माझं चुकलं. तुम्हाला जमणार नाही म्हणालो, ते खोटं होतं. तुम्हाला जमेल, याचीच मला भीती होती."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलेलं," शालनताई म्हणाल्या. "दाखवा आता."

पंधरा दिवसांत त्या नावं शोधू लागल्या. महिन्याभरात त्यांनी विचारलं, "रक्त देऊन तीन महिने झाले नाहीत, ती नावं आपोआप गाळता येतील का?" दौलतला ते माहीत नव्हतं. पूर्वी त्याने थाप मारली असती. "मला येत नाही," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून मॅनची पानं उलगडली. वाट शालनताईंनाच सापडली. सगळ्या आज्ञा त्यांनी मराठीत लिहून भिंतीवर चिकटवल्या.

एक गोष्ट उरली होती. दौलत स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर गेला आणि गणूला त्या शनिवारचं खरं सांगितलं. गणूचा चेहरा उतरला.

"म्हणजे गल्लीतच होते दोघं?"

"हो."

"आणि ताईंना आता शिकवलं?"

"शिकवलं."

"मग दुसऱ्या कुणाला असं फिरवू नका," गणू म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. रिक्षाला किक मारली आणि गिऱ्हाइकाकडे वळला. दौलत तिथेच उभा राहिला. क्षमा मागायला आलो होतो, पण ती मिळायलाच हवी असा आपला हक्क नाही, हे त्याला तिथे कळलं.

पुढच्या पावसाळ्यात दौलतला कावीळ झाली. तीन आठवडे तो अंथरुणात होता. कचेरीतून शालनताई दोनदा भेटायला आल्या, पण काही विचारायला कुणी आलं नाही. त्या तीन आठवड्यांत मंडळाने अकरा जणांना रक्त मिळवून दिलं होतं. ते ऐकून त्याला पहिल्यांदा थोडं टोचलं, मग मात्र शांत झोप लागली.

मित्रहो, आपल्यावाचून काम अडतं याचा आपल्याला उगाच अभिमान वाटतो. पण त्या अडण्यापायी कुणीतरी दारोदार फिरत असतं. आपल्याला जे येतं ते कुणीतरी आपल्याला दिलेलं असतं. ते आज शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला दाखवा. आपण नसतानाही काम चाललं, तरच ते आपण नीट केलं असं म्हणता येईल.