भांडणारं रक्त

चंदाचं पहिलं पोर धडधाकट निघालं. दुसरं मात्र जन्मल्यावर पिवळंधम्मक होत गेलं आणि आठवड्याच्या आत गेलं. सुनेची कूस विषारी आहे, असं सासू ठमाबाईनं तेव्हाच गावभर करून टाकलं. आता चंदा तिसऱ्यांदा पोटुशी होती.

नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, लटारूला, समोर बसवून सांगितलं होतं, "अंगात काटा शिरला तर अंग तो पू करून बाहेर काढतं. पोर अर्धं बापाचं, म्हणजे तेही परकंच. तरी आईचं अंग त्याला नऊ महिने सांभाळून घेतं. कसं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त हिच्या अंगात गेलं. ते तुझ्या वळणाचं होतं. तेव्हापासून हिचं रक्त तसल्या रक्ताशी भांडतं. या वेळी बाळंतपण इथेच करा. जन्मताच बाळाचं रक्त बदलावं लागेल, नाहीतर तेही जाईल."

यातलं एवढंच लटारूनं घरी नेलं: हिचं रक्त भांडतं. झालं! ठमाबाईला आता डॉक्टरचीच साक्ष मिळाली.

"मले दवाखान्यात न्या," चंदा रोज म्हणायची. बैल धानाच्या चिखलणीला लागलेत, हे लटारूचं उत्तर ठरलेलं. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडीऐवजी सोमाजी भगत आला, तुंबडी आणि वस्तरा घेऊन. नासलं रक्त ओढून काढायचं म्हणे!

चंदा दाराकडे धावली. लटारूनं तिला केसांना धरून जमिनीवर आपटलं. ओठ फाटला. पोटावर आलेली लाथ तिनं हातावर झेलली आणि मनगट कडकन मोडलं. मग त्यानं तिचे खांदे आणि ठमाबाईनं पाय दाबून धरले. सोमाजीनं पाठीवर चिरे देऊन तुंबडी लावली. या घराचं पोर जिच्या अंगानं सांभाळून घेतलं, तिला हे घर सांभाळून घेत नव्हतं. चीड येते नुसती.

"भांडते थे सारं काढ," ठमाबाई म्हणाली.

तुंबडी रिती करायला सोमाजीनं वस्तरा खाली ठेवला. चंदानं धड हातानं तो उचलला, लटारूच्या मांडीत घातला आणि खाली ओढला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

"माह्या अंगात आलं थे तुहंच रक्त होय!" ती ओरडली. "काढाचं तं तुहं काढू!"

सोमाजी पळाला. ठमाबाई धाकट्या लेकाच्या नावानं किंचाळली, "नथ्थू, गाडी जुंप! दवाखान्यात चाल!"

चिखलणीचे बैल लगेच आले. लटारूला गाडीत घातलं. त्याच्या मांडीला बांधलेलं लुगडं सैल होऊन रक्त पुन्हा उसळू लागलं. चंदा मागून चढली आणि तिनं धड हाताची मूठ जखमेत रोवली. रक्त थांबलं.

"उतर, रांडे!" ठमाबाईनं तिचा पदर ओढला.

कळेनं चंदाचा चेहरा वाकडा झाला, पण मूठ हलली नाही. "बाई, मी उतरली तं मूठ सुटते. मंग तुमचा लेक वाचत नाई. सांगा, उतरू?"

ठमाबाईनं पदर सोडला. नथ्थूच्या हातातली काठी हिसकावली आणि बैलांना स्वतः हाणली.