ठकीनं दिलेलं माप

मिस्त्रींच्या लेकीला मासे पाळायचे होते, आणि माशांपेक्षा जास्त चर्चा झाली ती त्यांची टाकी कशावर ठेवायची याची. जावई म्हणाला, दुकानात तयार स्टँड मिळतो, आणून ठेवला की काम झालं. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं चहाच्या कपात तोंड घातलं.

"भुसा दाबून केलेली फळी ती," मिस्त्री म्हणाले. "पाणी लागलं की बिस्किटासारखी फुगते. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. दोन धडधाकट माणसं दिवसरात्र उभी राहणार त्याच्यावर. मी करतो."

"बाबाच करतील," लेक म्हणाली. तिला ते ठकी म्हणत. लहानपणी त्यांनी करून दिलेली लाकडी बाहुली, ठकी, ती सदानकदा कडेवर घेऊन फिरायची, तेव्हापासूनचं ते नाव.

पण 'मी करतो' म्हणणं सोपं नव्हतं. वर्षापूर्वी मिस्त्रींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, हात मेला ऐकेना; करवत धरली की आखलेली रेघ सोडून भलतीकडेच चालायची. गिऱ्हाइकं तोंडावर गोड बोलून दुसरीकडे गेली. हा स्टँड जमला तर आपण अजून सुतार, नाही तर नुसते म्हातारे, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

ठकीनं माप दिलं, तीन फूट. चौकट उभी राहत आली तेव्हा तिचा फोन आला, टाकी चार फुटी घेतोय. मिस्त्रींनी कुरकुरत चौकट सोडवली. काही आठवड्यांनी पुन्हा फोन. "बाबा, साडेचार."

"अगं, टाकी घेतेयस की पोहायचा तलाव?" ते म्हणाले, आणि पुन्हा करवत उचलली.

खरं सांगायचं तर त्यांना राग आलाच नाही. दर खेपेला हात थोडा सुधारत होता. शेवटच्या खेपेला सांधे असे बसले की मधे कागदही गेला नसता. मग त्यांनी स्टँडवर वाळूची पोती रचून आठ दिवस ठेवली. फळी केसभरही वाकली नाही.

आता राहिली लेकीच्या घरची जमीन. जमीन उतरती असली तर टाकीची काच तडकते, आणि मग 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणायला लोक मोकळे. तेव्हा पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, पिशवीत टाकून मिस्त्री एका दुपारी न कळवताच लेकीकडे गेले.

जावयानं दार उघडलं आणि तो फटीतच उभा राहिला. "फोन करायचा ना, बाबा."

"लेकीच्या घरी यायला परवानगी लागते होय?" म्हणत ते हसत आत शिरले.

भिंतीला लागून टाकी होती. पाणी भरलेली, आत मासे. काचेच्या कडेनं शेवाळ धरलं होतं, म्हणजे कालपरवाची नव्हे. खाली दुकानातला काळा गुळगुळीत स्टँड. मिस्त्रींना मोजावंही लागलं नाही. तीन फूट. पहिली चौकट इथं नेमकी बसली असती.

"कधी घेतली?"

जावयानं ठकीकडे पाहिलं. ती ओले हात पुसत बाहेर आली होती. "दोन महिने झाले," तीच म्हणाली.

"आणि चार फूट? साडेचार?"

"डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम राहू दे. तुमची चौकट होत आली की मला धडकी भरायची, आता काय सांगू म्हणून." ती भराभर बोलत होती. "खाली दुसऱ्यांचं घर आहे, बाबा. एवढं पाणी. जोखीम नको वाटली. पण हात सुधारला की नाही, सांगा?"

सुधारला होता, हेच तर वाईट होतं. गिऱ्हाइकं गेली तेव्हा मिस्त्रींना इतकं लागलं नव्हतं. परकी ती परकीच. पण पोटच्या पोरीनं आपल्याला हातात खुळखुळा देऊन बसवलं, आणि तेही माप सांगून. सुताराशी कशाबद्दलही खोटं बोलावं, मापाबद्दल बोलू नये. सगळं लाकूड त्या एका आकड्यावर कापलं जातं.

"हात चालता ठेवायचा होता तर लोकर गुंडाळायला द्यायचीस," ते म्हणाले. "ठकी नाव ठेवलं मी. ठकवायला नव्हतं ठेवलं."

"तो स्टँड आणू या ना इथं. आम्ही ठेवतो."

"कशाखाली? साडेचार फुटी टाकी कुठाय?"

ठकी रडायला लागली. मिस्त्री दाराकडे वळले आणि वळता वळता त्यांची नजर पाण्यावर गेली. डावीकडे पाणी काठापासून दोन बोटं खाली, उजवीकडे जेमतेम एक. काही न बोलता निघून जावं, फुटू दे फुटायची तर, असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"निम्मं पाणी काढा," ते म्हणाले. "स्टँड उजवीकडे बसत चाललाय. फळी फुगून खचलीय."

जावई बादली आणायला धावला. ठकीनं डोळे पुसले. "तुम्ही करून द्याल, बाबा?"

मिस्त्रींनी खिशातून पेन्सिल काढली. मग म्हणाले, "माप सांग."

ती टेप घेऊन खाली बसली. दोनदा मोजलं. "छत्तीस इंच लांब. पंधरा रुंद."

पोर टेपचं टोक धरण्याएवढी झाल्यापासून तिनं सांगितलेला आकडा ते मान वर न करता लाकडावर उतरवत आले होते. आज त्यांची पेन्सिल हातातच राहिली.

"खरं?" त्यांनी विचारलं.