मामीच्या नावाची नोटीस

मामानं मामीला नोटीस दिली ना, तेव्हा मी समोरच जेवत होतो. शिक्का मारलेली, खरीखुरी.

थांबा, आधीचं सांगतो. मामा संत्र्या-लिंबांचे रोग तपासायच्या केंद्रात आहे. झाडाचा संशय आला की फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, काढायचा, काचघरातल्या कागदी लिंबाच्या रोपावर भरायचा आणि दीड-दोन महिने वाट बघायची. रोपाची नवी पानं उजेडात धरली आणि शिरा काचेसारख्या आरपार दिसल्या, की विषाणू आहे. औषध नाही. मावा नावाची बारीक कीड तो शेजारच्या झाडांवर नेते, म्हणून तोडायचंच. बावीस वर्षं मामानं लोकांची झाडं तोडायला लावली, एक दिवस कुणाला वाढवून दिला नाही.

आणि स्वतःच्या अंगणातलं संत्रं? ते मामीनं लग्नाच्या वर्षी लावलेलं. यंदा पानं पिवळी पडली तर मामा म्हणे, खत कमी पडलं. शेवटी मामीनंच फांदी कापून त्याच्या डब्याच्या पिशवीत कोंबली.

निकाल आला. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून ही नोटीस.

मामीनं हात पुसले, चष्मा लावला, सगळी वाचली. सात दिवसांत हरकत घेता येते, असं खाली छापलेलं. तिनं माझ्याच वहीचं पान फाडून हरकत लिहिली: फळं पिकेपर्यंत थांबा. सुनावणी तिथंच, ओट्यापाशी.

"अर्जदारानं सांगावं, पिकायला किती दिवस?"

"महिनाभर."

"शेजारी तीन घरांत संत्री आहेत. नियमात बसत नाही."

"मग तुमचं जेवणही बसत नाही," म्हणत मामीनं त्याचं ताट उचललं.

मामा उपाशी उठला, पण हरकत फेटाळली.

सातव्या दिवशी करवत मामीनंच आणून दिली. झाड पडल्यावर मामानं सवयीनं बुंध्याची साल सोलली. आत लाकडावर बारीक खड्डे, सुया टोचल्यासारखे. मामीनं त्यावरून बोट फिरवलं.

"एवढं सोसून फळं देत होतं हो."



दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखी झाडासाठी बादली भरून अंगणात गेला आणि खुंटापाशी उभाच राहिला. मामीनं ती त्याच्या हातातून घेतली, सावकाश त्याच्या पायांवर ओतली.

"चला आता," म्हणाली, "चहा निवतोय."